कुंदाआत्याच्या शिव्या आणि खडकीतले विंचू

माझ्या आत्याने आयुष्यभरात किती विंचू मारले असतील ते तिलाही सांगता यायचं नाही. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं धामणटेक. तिथे कुणाच्या घरात विंचू निघाला, की बाकीच्या बाया पोरांना घेऊन खाटेवर चढायच्या आणि कुंदाआत्याला बोलावणं यायचं. ती पायातली चप्पल हातात घेऊन आत जायची, काम आटोपायची, तीच चप्पल पुन्हा पायात घालायची आणि चहा घेतल्याशिवाय तिथून हलायची नाही. अशा बाईवर उतारवयात विंचवांची वकिली करायची पाळी आली. देवाला विनोदाची आवड असावी, किंवा त्याला दुसरं काही काम नसावं.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिला पिंपळनेरला दिलं होतं. नवऱ्याने वर्ष-दोन वर्षांत दुसरी आणली आणि हिला सांगितलं, की तूही राहा, घर मोठं आहे. आत्याने पत्र्याची पेटी उचलली आणि एसटीत बसून माहेरी आली. माझे वडील, रतिलालभाऊ, तसे भले. बहिणीला ते कधी टाकून बोलले नाहीत. पण त्यांनी तिला कधी काही विचारलंही नाही, आणि याचा मला अजून राग येतो. आत्या आली, दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत कामाला लागली आणि तेव्हापासून हळू आवाजात बोलत राहिली. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईने आवाज किती ठेवायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवावंही लागलं नव्हतं. जेवताना तिने मीठ मागितलं तरी आपल्याला कान पुढे करावा लागे.

याला अपवाद वर्षातला एक दिवस, आखाजीचा.

बाहेरच्यांना अक्षय तृतीया म्हणजे आमरस आणि सोन्याच्या जाहिराती. आमच्या खानदेशात ती आखाजी, लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही, म्हणजे रोज म्हणतात तेवढंही म्हणत नाही. ऊन उतरलं की बाया टोपलीत उगवलेली गव्हाची रोपं आणि गौराई घेऊन खडकी नाल्यावर जातात. नाल्यापलीकडे लोणसवाडी. तिथल्या बायाही त्यांची गौराई घेऊन त्याच वेळी येतात, आणि मग दोन्ही काठांवरून शिव्या सुरू होतात. जोडीला दगड. दगड लागू नयेत असे मारायचे आणि शिव्या लागाव्यात अशा द्यायच्या. ज्या काठाला आधी उत्तर सुचेनासं होईल तो काठ हरला. नाल्यावर जे बोललं गेलं त्याचा राग कुणी घरी न्यायचा नाही.

धामणटेकची म्होरकी कुंदाआत्या आणि लोणसवाडीची ताईबाई. दोघी काळ्या केसांच्या होत्या तेव्हापासून. वर्षभर कुजबुजणारी माझी आत्या त्या दिवशी पदर खोचून काठावर उभी राहिली, की लहानपणी मला ती दुसरीच कुणी बाई वाटायची आणि मी आईच्या मागे लपायचे. त्या शिव्यांपैकी छापण्याजोग्या फार थोड्या. ताईबाई म्हणायची, "तुमना गावमा चहा पेतस ते साखरना फोटो देखीसन पेतस." आत्या म्हणायची, "तुमना नवरदेव घोडावर बठना ते घोडानीच तोंड फिराई लिधं." हे अगदी सोवळ्यातलं सांगितलं. रंगात आल्यावर दोघी एकमेकींच्या घराण्याचा जो उद्धार करायच्या, तो ऐकून लांब पारावर पत्ते खेळणारे पुरुष डाव विसरायचे. एवढं असून या दोघी एकमेकींशी दुसरं काही कधी बोलल्या नव्हत्या. चोपड्याच्या बाजारात समोरासमोर आल्या तर दोघी माना वळवून भाव विचारायला लागायच्या.

मी धुळ्याला देवपुरात राहते आणि एका कॉलेजात मराठी शिकवते. एकदा तास रटाळ चालला होता म्हणून मी पोरांना आमच्या आखाजीची गोष्ट सांगितली. काठावरचे चपटे दगड उचलले की खालून बारके पिवळट विंचू निघतात आणि शिव्या देता देता बाया कशा उड्या मारतात, तेही सांगितलं. पोरं हसली. तबस्सुम नावाची मुलगी तेवढी हसली नाही. तोवर माझ्या प्रत्येक तासाला ती जांभया देत असे. त्या दिवशी तिने तास संपल्यावर मला गाठलं आणि विचारलं, की मॅडम, ते विंचू नक्की केवढे असतात.

तबस्सुम मूळची जळगावची. वडील नूर महंमद यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. पुढे पोरगी प्राणिशास्त्रात शिरली आणि विंचवांवर संशोधन करायला लागली. नातेवाइकांना मात्र वडील अजून सांगतात, की ती मेडिकल लाइनमध्ये आहे. ती माझ्यासोबत धामणटेकला आली, मग एकटी येऊ लागली, आमच्याच घरी उतरू लागली. अंधार पडला की जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन नाल्यावर जायची. त्या उजेडात विंचू चमकतो. गावात तिच्याविषयी बोलायला सुरुवात झाली, की पोरगी गुप्तधन शोधते आहे. बऱ्याच खटपटीनंतर तिने आणि तिच्या सरांनी जाहीर केलं, की हा विंचू नवा आहे, आजवर जगात कुठेही नोंदलेला नाही आणि तूर्त फक्त खडकी नाल्याच्या दोन काठांवर सापडतो. त्याला एक लांबलचक लॅटिन नावही दिलं. ते नाव आमच्या गावात फक्त पोस्टमनला म्हणता येतं, आणि तोही चुकीचं म्हणतो.

गावाला काय त्याचं. एकाने विचारलं, की चावल्यावर काही वेगळं होतं का. दुसऱ्याने विचारलं, याची पर्यटनाला काही योजना बसते का. कुंदाआत्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की ती या पिवळ्यांना मोजतच नाही, काळे तेवढे मारते. तबस्सुमला हे मोठं बक्षीस वाटलं.

मग बातमी आली, की नाल्याचं खोलीकरण मंजूर झालंय. काम घेतलं लोणसवाडीच्या रुपचंदने. रुपचंद म्हणजे ताईबाईचा एकुलता मुलगा, कंत्राटदार, गावात एकमेव काचेचा बंगला त्याचा. यंत्र लावून दोन्ही काठ खरवडायचे आणि नाला सरळसोट करायचा. पावसाआधी काम झालं नाही तर मंजुरी जाणार, म्हणून त्याला घाई. तबस्सुम एका मोठ्या कार्यालयात अर्ज घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी तिला चहा पाजला आणि समजावलं, की तुमचा प्राणी आमच्या यादीत नाही. यादीत यायचा तर आधी तो दुर्मीळ असल्याचं सिद्ध व्हायला हवं. तबस्सुमने विचारलं, की काठ खोदल्यावर तो उरलाच नाही तर सिद्ध होईल का. साहेब म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला.

ती हिरमुसून आमच्या ओट्यावर येऊन बसली. आत्या शेंगा फोडत होती. तिने विचारलं, की पोरी, तुझ्या त्या किड्याला लागतं तरी काय. तबस्सुमने तिला दगडाखाली नेऊन दाखवलं. एक विंचवीण होती आणि तिच्या पाठीवर पिल्लांचा गठ्ठा बसलेला. आत्या म्हणाली, की हीच पोरं पुढे आईला खातात. तबस्सुमने सांगितलं, की नाही खात. काही दिवस पाठीवर बसतात, कात टाकली की उतरून आपापल्या वाटेने जातात. आत्या बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, की म्हणजे माणसासारखंच, बदनामी उगाच. तबस्सुमने जाताना एवढंच सांगितलं, की अक्का, या चपट्या दगडांनीच हे जगतात, दगड गेले तर हे गेले.

आणि इथे आत्याने घोळ घातला. धामणटेकच्या बाईखेरीज दुसऱ्या कुणाला असा घोळ सुचलाच नसता.

तिने ऐकलं एवढंच, की दगड मोलाचे आहेत. आखाजी तोंडावर आलेली. लोणसवाडीच्या बाया उतरून आपल्या काठावरचे दगड उचलणार आणि आपल्याच अंगावर फेकणार, दरवर्षीसारखे. उरलेले रुपचंदचं यंत्र नेणार. म्हणून तिने गल्लीतल्या बाया जमवल्या आणि आपल्या काठावरचा एक-एक चपटा दगड उचलून मारुतीच्या पाराशेजारी छान चौथरा रचला. दगड धुतले, वर हळद-कुंकू वाहिलं, म्हणजे कुणी हात लावायला नको. खालून निघालेल्या विंचवांना कुणी मारलं नाही, उलट "जाय बापा, जाय" म्हणून झाडूने बाजूला सारलं. रणरणत्या उन्हात ते कुठे गेले असतील ते गौराईलाच ठाऊक.

तबस्सुम आठवड्याने आली, उघडा बोडका काठ पाहिला आणि तिथेच मातीत बसून रडायला लागली. आत्याला आधी वाटलं, की पोरगी आनंदाने रडते आहे. मग तबस्सुमने हुंदके देत सांगितलं, की दगड नुसते असून चालत नाहीत, ते जिथे आहेत तिथेच असावे लागतात. खालची ओल, खालची माती, तेच त्यांचं घर. आता विंचू उरलेत ते फक्त पलीकडच्या काठावर.  त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. मी आखाजीसाठी आले होते, मला तिने मोरीजवळ गाठून सांगितलं, की जन्मभर चपलेने जेवढे मारले नाहीत तेवढे मी हळद-कुंकवाने मारले. हे ऐकून मला तिची अशी कीव आली, की मी तबस्सुमवरच मनातल्या मनात चिडले. ते चिडणं चूक होतं, पण आत्या माझी होती.

आता जे काही वाचवायचं ते शत्रूच्या काठावर, आणि यंत्र शत्रूच्या पोटच्या पोराचं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू होणार होतं. तेव्हा आत्याला तिच्या आजीच्या वेळचा एक कायदा आठवला. आखाजीला जे गाव हरेल त्याने पुढच्या आखाजीपर्यंत खडकीतल्या दगडाला हात लावायचा नाही, नाहीतर गौराई कोपते. पूर्वी घरं दगडाची होती तेव्हा या कायद्याला वजन होतं. आता क्रशरची खडी घरपोच येते, म्हणून तो कुणी पाळत नव्हतं, पण उघड मोडलाही नव्हता कुणी. आत्याने ठरवलं, यंदा लोणसवाडीला हरवायचंच. अलीकडची तीन-चार वर्षं ताईबाईच जिंकत आली होती, हा एक बारीकसा अडथळा होता, आणि त्या हिशोबाने चौथरा रचून आत्यानेच नकळत तो कायदा मोडला होता, हा दुसरा.

शिवाय दगड फेकायचे नाहीत, हेही पलीकडे पटवायला हवं होतं. विनंती करण्याची तर पद्धतच नव्हती. आत्याने निरोप धाडला, "ताईबाईले सांगा, दगड उचलानी ताकद नही ऱ्हायनी तुनी, आते केळं फेक." माझा भाऊ योगराज याने व्यापाऱ्याने नाकारलेल्या केळ्यांची अर्धी ट्रॉली आमच्या काठावर ओतली आणि अर्धी पलीकडे नेऊन दिली. ताईबाईने निरोप परत पाठवला, की केळ्यानेही तुझा दात पाडीन, उरला असेल तर.

आखाजीची संध्याकाळ. दोन्ही काठ बायांनी भरलेले. पलीकडच्या रस्त्यावर यंत्र येऊन उभं राहिलं होतं आणि रुपचंद आपल्या मोटारीला टेकून तमाशा बघत होता. खरं तर पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं, पण कंत्राटदाराला कोण सांगणार. तबस्सुम माझ्याजवळ उभी होती, ओढणीचं टोक चावत.

आत्याने सुरुवात केली, ती थेट ताईबाईच्या मुलापासून. "ताईबाई, तुना आंडोर नाला खोदाले निंघना. घरनी मोरी तुंबेल शे, ती कोन खोदी?"

पलीकडून केळी आली आणि मागोमाग ताईबाईचा आवाज. "मना आंडोर नाला ते खोदस. तुना भाऊ नुसता पत्ता खेयस, आनि त्यामा बी हारस."

यावर लोणसवाडी हसली आणि खरं सांगायचं तर धामणटेकही हसली, कारण रतिलालभाऊ दुपारपासून हरतच होते. मग सामना पेटला. सुना, सासवा, जावई, म्हशी, कुणी सुटलं नाही. आमच्या सरपंचांच्या टकलावर ताईबाईने जे रचलं ते ऐकून सरपंचीणबाईंनी स्वतः टाळी दिली. केळी फुटून अंगाअंगावर चिकटत होती. आत्या घामाने निथळत होती, आवाज बसत चालला होता, आणि पलीकडे ताईबाई ताजीतवानी. मला वाटलं, गेलो आपण.

तेव्हा आत्याने श्वास घेतला आणि फार न ओरडता म्हणाली, "इच्चूनी माय पिल्लासले पाठवर लई फिरस, ताईबाई. तू बी फिरनी. आते तुना रुपचंद मोटारमा फिरस. तुले बठाडं का त्यानी कधी?"

कुणी हसलं नाही. लोणसवाडीच्या बाया ताईबाईकडे बघू लागल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, की काचेच्या बंगल्यात ताईबाईची खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे. ताईबाईने तोंड उघडलं. हातातलं केळं खाली ठेवलं. पुन्हा तोंड मिटलं आणि ती गप्पच राहिली. आमच्या बायांनी "हारनी, हारनी" असा गलका केला. आत्या त्यात सामील झाली नाही. तिचा चेहरा पडला होता. शिवी लागावी अशीच द्यायची असते, पण ही शिवी नव्हतीच, खरं होतं, आणि ते आपल्या तोंडून गेलं हे तिला लगेच कळलं.

गौराई बुडवायला नाल्यात पाणी नव्हतं. योगराजने पाण्याची मोटार लावून पाइपने एक डबकं भरलं होतं आणि यंदा दोन्ही गावांना तेवढंच एक. बाया खाली उतरल्या. रुपचंदही उतरला आणि म्हणाला, की झालं ना तुमचं, आता सकाळी काम सुरू करतो. ताईबाईने मान वर न करता त्याला सांगितलं, "आम्ही हारनूत. दगडले हात लावानं नही." तो हसायला लागला. आजूबाजूला त्याच्याच भाऊबंदांच्या सगळ्या बाया उभ्या होत्या, त्यांतली एकही हसली नाही. मग तोही हसायचा थांबला आणि यंत्र परत न्यायला यंत्रवाल्याला फोन लावत वर चढून गेला. माझ्या शेजारी तबस्सुम दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती.

डबक्याच्या एका कडेला आत्या होती, दुसऱ्या कडेला ताईबाई. इतक्या जवळून त्यांनी एकमेकींना पाहिलं नसावं. आत्याने टोपली पाण्यात सोडली आणि रागानेच विचारलं, "कसाले गप बसनी तू? उत्तर नव्हतं का?"

"व्हतं ना," ताईबाई म्हणाली. "तुना पिंपळनेरना नवरानंच व्हतं. गिळी लिधं."

"कसाले?"

ताईबाई रोपं पाण्यात विसकटत राहिली. मग म्हणाली, "नाला गया ते मी बोलू कोनशी? घरमा सून कानमा गानानं मशीन घाली बसस, आंडोर फोनवर ऱ्हास. वर्षभर मनमा भरी ठेवस मी, समदं तुनासाठे. मनं आयकनारी तू एकलीच शे व, कुंदे."

आत्या उभी राहिली. ताईबाईही सवयीने कमरेवर हात ठेवून उभी राहिली, उत्तराची वाट बघत. दोन्ही गावांच्या बाया वाट बघत होत्या. आत्याचे ओठ नुसते हलले, शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

"देखा, हाई बी हारनी," ताईबाईने सगळ्यांना ओरडून सांगितलं. म्हणजे कायद्याने आता धामणटेकनेही दगडाला हात लावायचा नव्हता. बाया हसल्या, रडल्या आणि एकमेकींच्या अंगावरची केळी झटकू लागल्या.

घरी येताना आत्या वाटभर बोलत होती. ताईबाईला पुढच्या आखाजीला काय-काय ऐकवायचं, तिच्या सुनेच्या कानातल्या मशीनवर काय रचायचं, सगळं खणखणीत आवाजात. रतिलालभाऊ ओट्यावर पत्ते आवरत बसले होते. त्यांनी दचकून वर पाहिलं. आत्याने आवाज खाली केला नाही. त्याच आवाजात तिने भावाला सांगितलं, की चहा मांड, आज मी दमले आहे.